तिलावाच्या माणसांची नावे बॅलार्ड पिअरवर लिहा

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री,
बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्रालय,
परिवहन भवन, संसद मार्ग, नवी दिल्ली

मा. मंत्रिमहोदय,


मागणी आधी सांगतो, कारणे मागाहून. २३ नोव्हेंबर १९४२ च्या पहाटे हिंदी महासागरात जपानी पाणबुडीने 'तिलावा' हे प्रवासी-मालवाहू जहाज बुडवले. त्यात २८० माणसे गेली. त्या सर्वांची अधिकृत नामावली आपल्या मंत्रालयाने तयार करावी आणि मुंबईत बॅलार्ड पिअरवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा ठिकाणी ती कोरावी. हे जहाज मुंबईहूनच निघाले होते आणि वाचलेली माणसे मुंबईलाच परत आली होती. म्हणून ही नावे मुंबईच्या धक्क्यावरच हवीत.

तिलावा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे. १९२४ साली बांधलेले, दहा हजार टनांचे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ते मोंबासा, लॉरेन्सो मार्किस आणि डर्बन या बंदरांसाठी निघाले, तेव्हा त्यावर ७३२ प्रवासी, २२२ जहाजी आणि चार तोफची असे ९५८ लोक होते. प्रवाशांत बहुसंख्य गुजराती, शिवाय पंजाबातले शीख. आफ्रिकेत दुकान असलेला व्यापारी, नोकरीवर परत निघालेला कारागीर, नवऱ्याकडे निघालेली बाई, तिच्या कडेवरचे मूल. तळात साडेसहा हजार टनांच्या आसपास माल होता आणि त्यात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी पाठवलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या.

पहिला टॉर्पेडो मध्यरात्र उलटून गेल्यावर लागला. माणसे झोपेतून उठली ती अंधारात आणि कलत्या डेकवर. होड्या खाली सोडताना झुंबड उडाली, काही होड्या उलटल्या. जहाज मात्र लगेच बुडाले नाही. ते तरंगते आहे असे पाहून होड्यांत उतरलेल्यांपैकी काही जण पुन्हा जहाजाकडे वळले. जहाज टिकले तर उघड्या समुद्रापेक्षा तेच बरे, हा हिशेब कुणीही केला असता. मग दुसरा टॉर्पेडो आला आणि तिलावा तळाला गेले. जहाजाच्या रेडिओ अधिकाऱ्याने शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवले आणि तो जहाजाबरोबरच गेला. किनारा किती दूर होता याची कल्पना यावी म्हणून सांगतो: सेशेल्स बेटे तिथून नऊशेवर मैलांवर होती.

दोन दिवस ही माणसे होड्यांत, तराफ्यांवर आणि लाकडांच्या आधाराने राहिली. २५ नोव्हेंबरला ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम' तिथे पोहोचली आणि तिने ६७४ जणांना उचलले. 'कार्थेज' या जहाजाला आणखी चौघे सापडले. २७ नोव्हेंबरला बर्मिंगहॅम वाचलेल्यांना घेऊन मुंबईत आली. एका आठवड्यापूर्वी ज्यांना निरोप दिला, त्यांच्यातले कोण उतरते आहे हे बघायला नातेवाईक धक्क्यावर जमले असतील, तेव्हा २५२ प्रवासी आणि २८ जहाजी त्यांच्यात नव्हते.

व्यापारी जहाज बुडवण्यापूर्वी त्यावरचे प्रवासी आणि खलाशी सुरक्षित जागी पोहोचवले पाहिजेत, हा नियम १९३६ च्या लंडन करारात पाणबुड्यांनाही लागू केला होता. त्या करारावर जपानची सही होती, हिंदुस्थानच्या वतीनेही सही होती. तिलावावर स्वसंरक्षणाची तोफ होती, आणि युद्ध पेटल्यावर हा नियम जवळजवळ प्रत्येक आरमाराने मोडला, हेही खरे. पण नियम मोडण्याची किंमत ज्यांनी भरली त्यांनी कोणताही करार केला नव्हता. त्यांच्याकडे तिकीट होते, नाहीतर नोकरीचा कागद.

मंत्रिमहोदय, यातला सर्वांत अवघड भाग मी टाळणार नाही. तिलावा बुडवणाऱ्या पाणबुडीचे नाव आय-२९. याच पाणबुडीने पाच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ रोजी, मादागास्करजवळच्या समुद्रात जर्मन पाणबुडी यू-१८० वरून नेताजी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांना उतरवून घेतले आणि सुमात्राच्या सबांग बंदरापर्यंत नेले. उसळत्या समुद्रात रबरी तराफ्यावरून एका पाणबुडीतून दुसरीत जाण्याचा तो प्रसंग आपल्या देशाने मनात जपला आहे आणि तो जपायलाच हवा. नेताजींच्या त्या प्रवासाला माझ्या मनात अणुमात्र कमीपणा नाही. पण त्याच पोलादी कवचातून सुटलेल्या टॉर्पेडोंनी आमची २८० माणसे मारली होती, हेही आमच्याच इतिहासाचे पान आहे. एक पान अभिमानाने वाचायचे आणि दुसरे चिकटवून टाकायचे, असे करणाऱ्या देशाला आपला इतिहास पुरता कळला असे म्हणता येणार नाही. दोन्ही पाने उघडी ठेवायला जी परिपक्वता लागते ती आपल्यात आहे, अशी माझी खात्री आहे. आय-२९ चा शेवटही पाणबुडीच्याच हातून झाला. २६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेच्या 'सॉफिश'ने ती बुडवली.

आता चांदीबद्दल. २०१७ साली एका ब्रिटिश खासगी कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोल पाण्यातून तिलावातली चांदी वर काढली, साउदॅम्प्टनला नेली आणि तिथल्या अधिकाऱ्यांपुढे जाहीर केली. दक्षिण आफ्रिकेने मालकी सांगितली. लंडनच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालला. खालच्या दोन न्यायालयांत कंपनीच्या बाजूने निकाल लागला, आणि ८ मे २०२४ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दक्षिण आफ्रिकेची बाजू मान्य केली. चांदीची किंमत तीन कोटी पौंडांच्या वर धरली गेली. १९४२ साली ती कुणी खरेदी केली, कोणत्या कामासाठी, ती कोणत्या बंदरात चढली, समुद्रतळाशी असताना ती 'व्यापारी वापरात' होती असे म्हणता येईल का, अशा एकेका मुद्द्यावर विद्वान वकिलांनी दिवसचे दिवस युक्तिवाद केला. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेने आपली वस्तू मागितली, तिचे कागद सांभाळले होते, म्हणून तिला दाद मिळाली. शिकायचे ते एवढेच: एखादे राज्य जेव्हा एखादी गोष्ट आपली मानते, तेव्हा पंचाहत्तर वर्षांनंतरही तिचा माग काढता येतो. त्या लगडी मुंबईत मोजून चढवल्या होत्या. त्याच बंदरात प्रवाशांचीही नावे लिहून घेतली होती. कागद तर माणसांचेही होते. मग त्या माणसांना आपले म्हणायचे काम कुणाचे?

आजवर हे काम वंशजांनी केले आहे. भारतात, ब्रिटनमध्ये, आफ्रिकेत, कॅनडात विखुरलेल्या कुटुंबांनी घरातल्या पेट्यांतून पत्रे, फोटो, जहाज कंपनीच्या तारा शोधल्या आणि नावाला नाव जोडत गेले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, घटनेला ८० वर्षे झाली तेव्हा, बॅलार्ड इस्टेटमध्ये त्यांनी स्मृतिसभा घेतली. खासगी माणसांनी स्वतःच्या खर्चाने जेवढे करायचे तेवढे केले. अभिलेखागाराचे दरवाजे उघडणे, परदेशी सरकारांना पत्रे लिहिणे आणि सरकारी धक्क्यावर नावे कोरणे ही कामे सरकारची आहेत.

मराठी वाचकाला वाटेल की हे गुजरातचे दुःख, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध जहाजाच्या पोटात आहे. मुंबईहून सुटणाऱ्या त्या काळच्या आगबोटी कोकण आणि गोव्याच्या माणसांवर चालत. डेकवरची माणसे रत्नागिरीच्या आणि कच्छ-काठेवाडच्या किनाऱ्यावरची, जेवणघर आणि सलूनमधले गोव्याचे, खाली बॉयलरपाशी पंजाब-सरहद्दीचे पठाण. सारंग, टिंडाल, सुखाणी, कसाब, भंडारी, आगवाला ही त्यांच्या हुद्द्यांची नावे होती. 'बोटीवर आहे' एवढे म्हटले की रत्नागिरीकडच्या गावात पुढे काही विचारावे लागत नसे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते. गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या तुलनेत त्यांना चौथा-पाचवा हिस्सा मिळे. १९३९ च्या शेवटी लंडनपासून रंगूनपर्यंतच्या बंदरांत त्यांनी संप केले, शेकडो जण तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पगार थोडा वाढला. मग तेच लोक टॉर्पेडोंच्या वाटेवर पुन्हा जहाजे घेऊन गेले. युद्ध संपेपर्यंत त्यांच्यातले साडेसहा हजारांच्या आसपास मेले.

बॉयलरपाशी काम करणाऱ्या आगवाल्याचा विचार करून पाहा. तो पाण्याच्या पातळीखाली असतो. टॉर्पेडो बहुधा तिथेच बसतो. वर येण्यासाठी लोखंडी शिडी, अंधार, फुटलेल्या नळांतून सुटलेली वाफ. डेकवरच्या माणसाला होडीपर्यंत पोहोचायला जेवढा वेळ मिळतो तेवढा याला कधीच मिळत नाही. पगाराच्या पटावर मात्र तो सर्वांत खाली.

लंडनच्या टॉवर हिलवर व्यापारी नौदलाचे स्मारक आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा हजारो दर्यावर्दींची नावे तिथे जहाजवार कोरलेली आहेत. रस्त्याने जाणारा माणूस थांबतो, जहाजाचे नाव शोधतो, बोट फिरवत वाचतो. हिंदी खलाशांची नावे त्या भिंतीवर नाहीत. ती मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये एका बांधीव ग्रंथात आहेत: व्यापारी नौदलाचे जवळजवळ सहा हजार आणि रॉयल इंडियन नेव्हीचे सुमारे चारशे. त्याच ग्रंथाची दुसरी प्रत चितगावला आहे. ग्रंथ जपून ठेवला आहे याबद्दल मी संबंधितांचा ऋणी आहे. पण एकाच जहाजावर, एकाच रात्री मेलेल्या दोन माणसांपैकी एकाचे नाव राजधानीतल्या उघड्या भिंतीवर आणि दुसऱ्याचे मिटलेल्या ग्रंथात, हा भेद इंग्रजांच्या राज्यात झाला. स्वतंत्र भारताने तो चालू ठेवण्याचे कारण नाही. आणि तिलावाचे प्रवासी तर खलाशीही नव्हते, सैनिकही नव्हते, त्यामुळे अशा ग्रंथाच्या व्याख्येतच ते बसले नाहीत.

स्मरण आपोआप टिकत नाही. कुणीतरी ते आपले काम मानावे लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला. त्यात गेलेल्या ६६ जवानांना अग्निशमन दल आजही दरवर्षी मानवंदना देते आणि त्या तारखेपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. दलाने ती आपली माणसे मानली, म्हणून ऐंशी वर्षांनंतरही शाळकरी मुलांना ती तारीख सांगितली जाते. उलट १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तिची आठवण कोकणातल्या घराघरांनी तोंडी जपली. घरे शहरांत विखुरली तशी ती आठवणही विरळ होत गेली. तिलावाची घरे तर चार खंडांत विखुरली आहेत.

म्हणून आपल्याकडे तीन नेमक्या गोष्टी मागतो.

पहिली, नामावली. नौवहन महासंचालनालय, मुंबई बंदर प्राधिकरण आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांची एक छोटी समिती नेमावी. लंडनमधली इंडिया ऑफिसची दप्तरे, राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या याद्या, चांदीच्या खटल्यात पुढे आलेले कागद आणि वंशजांनी जमवलेली माहिती एकत्र करावी. प्रत्येक नावापुढे गाव, वय, काम आणि कुठे निघाला होता हे लिहावे. एखादे नाव अर्धेच मिळाले तर अर्धे लिहावे. 'अमक्याची पत्नी' एवढीच नोंद सापडली, तर तिचे स्वतःचे नाव शोधण्याचा प्रयत्न करावा. यादी मराठी, गुजराती, पंजाबी, हिंदी आणि इंग्रजीत सर्वांसाठी खुली असावी.

दुसरी, भिंत. बॅलार्ड पिअरवर आता नवे, भव्य आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभे आहे. हजारो प्रवासी तिथून हौसेने समुद्रावर जातील, आणि जावेत. त्यांच्या वाटेवरच एक भिंत या नावांना द्यावी. कोपऱ्यातला चौथरा नको, जिथे माणसे सामान घेऊन रांगेत थांबतात तिथली जागा हवी.

तिसरी, लोथल. तिथे आपले मंत्रालय राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभारत आहे. हडप्पाकालीन गोदीपासून आरमारांपर्यंतचा इतिहास तिथे येणार आहे. त्यात दोन महायुद्धांतल्या हिंदी खलाशांचे स्वतंत्र दालन असावे आणि मस्जिद बंदरच्या ग्रंथाचे पानन् पान तिथे वाचता यावे. चोल, पेशवे, आंग्रे यांच्या शेजारी सारंग आणि आगवाला उभे राहिले तर त्या संकुलाची शोभा वाढेल.

कुणी म्हणेल, जहाज ब्रिटिश, युद्ध ब्रिटिशांचे. जहाजावरचा झेंडा ब्रिटिश होता, पण त्यावरची बहुसंख्य माणसे इथल्या गावांतली होती आणि त्यांचे श्राद्ध, त्यांची अरदास, त्यांची फातिहा इथल्याच घरांत झाली. कुणी म्हणेल, इतक्या जुन्या गोष्टीला आता काय अर्थ? त्या रात्री आईने होडीत घट्ट धरून ठेवलेली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. नामावली त्यांच्या डोळ्यांदेखत होण्याला अर्थ आहे. त्यांच्यामागे ती केली, तर पडताळून बघायला कुणी उरणार नाही.

आणि समुद्रापासून दूर, माळव्यातल्या सिमरोलमधून हे पत्र का? आमच्याजवळची चोरल नदी घाट उतरून नर्मदेला मिळते आणि नर्मदा अरबी समुद्राला. इथे पडलेल्या पावसाचाही समुद्राशी संबंध आहे. त्याहून जवळचा संबंध आपल्याच मंत्रालयाच्या दिनदर्शिकेत आहे. ५ एप्रिल १९१९ रोजी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले, म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. ते जहाज वालचंदांच्या आधी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांचे होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी ते जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून दिले होते. भारतीय नौवहनाचा पहिला दिवस अशा रीतीने मध्य प्रदेशातल्या एका मराठी घराण्यातून पुढे आला. आता आमच्या सिमरोलात आयआयटी आहे. देशभरातून आलेली मुले इथे शिकतात, त्यांतली काही पुढे बंदरांची, जहाजांची, समुद्रतळाची यंत्रे बनवतील. अडीच किलोमीटर खोलवरून चांदी काढण्याचे तंत्र त्यांना शिकायला मिळेलच. त्या चांदीबरोबर कोण बुडाले, हेही त्यांना कुठेतरी वाचायला मिळाले पाहिजे.

हा विषय मागच्या शतकातच संपला असता तर मी इतक्या तळमळीने लिहिले नसते. आज सुमारे तीन लाख भारतीय जगातल्या जहाजांवर काम करतात. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र पडले, तीन खलाशी मेले आणि आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने २१ जणांना वाचवले. त्यांतला एक भारतीय होता. युद्ध दुसऱ्यांचे, जहाज तिसऱ्याचे आणि मरण खलाशाचे, हा प्रकार अजून चालू आहे. आपण जहाजीला काय मानतो हे त्याच्या घरच्यांना आपल्या जुन्या वागण्यावरूनच कळते. १९४२ च्या माणसांची नावे आपण आज कोरली, तर आज समुद्रावर असलेल्या मुलाच्या आईला कळेल की हा देश आपल्या माणसाला विसरत नाही.

मंत्रिमहोदय, २३ नोव्हेंबर २०४२ रोजी तिलावाला शंभर वर्षे होतील. शताब्दीची वाट पाहू नये. नामावलीच्या समितीचा आदेश येत्या २३ नोव्हेंबरच्या आत निघावा आणि बॅलार्ड पिअरवरची जागा त्याच आदेशात मुक्रर व्हावी. नावे जमवण्याचे, लिप्यंतराचे, गावोगाव चौकशीचे जे काम लागेल ते करायला कितीतरी माणसे विनामोबदला पुढे येतील. त्यांत माझेही नाव धरावे.

आपला,
एक मराठी भाषक नागरिक
सिमरोल, जि. इंदूर (मध्य प्रदेश)